शिकणाऱ्या मुलाचे शरीर

८ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने एक आदेश काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे त्यात म्हटले होते. त्याच्या दोनच महिने आधी तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदलाव्यात, अशी सूचना एका कार्यक्रमात केली होती. आदेशावर स्कूलबसवाल्यांपासून दोन पाळ्यांत शाळा चालवणाऱ्या संस्थांपर्यंत अनेकांनी अडचणी मांडल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्या होत्या. तरीही मला तो आदेश महत्त्वाचा वाटतो. मूल केव्हा झोपते, केव्हा उठते आणि बाकावर बसते तेव्हा त्याच्या अंगात किती त्राण असते, याचा विचार शिक्षण खात्याच्या कागदावर क्वचितच उमटतो. इथे तो उमटला.

आता त्याच चौथीतल्या मुलाची संध्याकाळ पाहा. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. घरचा अभ्यास त्यावर रात्री आठ-साडेआठला पडतो, कारण शिक्षिकेलाही घरचे आवरूनच वेळ मिळतो. अभ्यास म्हणजे फळ्याचा किंवा वहीच्या पानाचा फोटो. मोबाइल आईचा. मूल दोन बोटांनी फोटो मोठा करते, एक ओळ वाचते, वहीत उतरवायला लागते, तेवढ्यात पडदा काळा होतो. पुन्हा बोट लावायचे, पुन्हा फोटो सरकवत ती ओळ हुडकायची. मान खाली, पाठीला पोक आणि मोबाइल नाकापासून वीतभर अंतरावर. मध्येच वरून कुणाचा तरी व्हिडिओ येऊन टपकतो आणि बोट तिकडे जाते. अर्ध्या पानाच्या अभ्यासाला पाऊण तास लागतो, जेवण लांबते, दहा वाजून जातात. सकाळी उशिरा शाळा भरवून जी झोप मुलाच्या पदरात टाकली, ती रात्री शाळेच्याच अभ्यासाने काढून घेतली. आणि पुढच्या पालकसभेत ‘तुमचा मुलगा मोबाइल सोडत नाही’ म्हणून ऐकून घ्यावे लागते ते आईला.

शैक्षणिक तंत्रज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे घरोघरी आता ज्याला नुसते एआय म्हणतात ते, यांचा मुलांच्या आरोग्यावर होणारा परिणाम हा या पुस्तकाचा विषय आहे. आपल्याकडे यावर बोलणे होते ते बहुधा दोन टोकांवरून. एकाचे म्हणणे, जग पुढे चालले आहे, आपली मुले मागे राहता कामा नयेत. दुसऱ्याचे म्हणणे, मोबाइलपायी पिढीच वाया गेली. दोघांच्याही बोलण्यात मुलाचे डोळे, मान, झोप, भूक, भीती यांची बारीक चौकशी नसते. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट ठासून मांडायची आहे: मुलाच्या हाती साधन ज्याने दिले, त्याने त्या मुलाच्या शरीराची आणि मनाची जबाबदारीही घ्यायला हवी. अभ्यास मोबाइलवर पाठवला तर ती शाळेची, ॲप सुचवले तर सरकारची, शिकवणी विकली तर कंपनीची. तापाचे औषध मुलाला देताना त्याची आधी चाचणी झालेली असते, मात्रा वजनावर ठरते, दुष्परिणाम खोक्यातल्या कागदावर छापलेले असतात. शिक्षणाच्या ॲपकडून आपण यातले काहीच मागत नाही.

हे सगळे २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाले असे अनेकांना वाटते. खरे तर केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ चे आहे, आणि ‘डिजिटल शाळा’ होण्याची धडपड आपल्या जिल्हा परिषदांच्या शाळांत त्याआधीपासून चालू होती. कोरोनाने एवढेच केले की जे पूरक होते ते एकमेव झाले. महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळा दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिल्या. जुलै २०२० मध्ये केंद्राने ‘प्रज्ञाता’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे काढली: पूर्वप्राथमिकसाठी अर्ध्या तासाहून अधिक नको, पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांची फार तर दोन सत्रे, नववी ते बारावीला चार. कागद चांगला होता. पण अनेक शाळांनी नेहमीचे वेळापत्रकच पडद्यावर चढवले, आणि त्याच्या आगेमागे शिकवणीचे ऑनलाइन वर्ग होतेच. शाळा उघडल्या, पण त्या काळात लागलेली वहिवाट मोडली नाही. घरचा अभ्यास मोबाइलवर येतो तो आजही त्याच वहिवाटीने.

डोळ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे शास्त्राला बरेच काही ठाऊक आहे आणि पालकांपर्यंत त्यातले अर्धेमुर्धेच पोचते. नवजात बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर लांब असतो. मोठेपणी तो २४ च्या आसपास जातो. ही वाढ मोजूनमापून व्हावी लागते. डोळा गरजेपेक्षा एक मिलिमीटर जरी जास्त लांबला, तरी साधारण अडीच-तीनचा उणे नंबर लागतो, आणि लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. चष्म्याने दिसायला लागते, पण फार ताणलेल्या दृष्टिपटलाला पुढे चाळिशी-पन्नाशीत धोके राहतात. म्हणून ‘चष्माच तर लागला’ असे म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

डोळा जास्त का लांबतो? आनुवंशिकता आहे, जवळचे काम आहे. पण गेल्या दोन दशकांत ज्याचा सर्वांत ठळक पुरावा पुढे आला तो उघड्यावरच्या प्रकाशाचा. वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. भर उन्हात मैदानावर तो एक लाखापर्यंत जातो, झाडाच्या सावलीतही वर्गाच्या कितीतरी पट असतो. या प्रखर उजेडात दृष्टिपटलात डोपामीन स्रवते आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालते, असे मानले जाते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांत याची पद्धतशीर चाचणी झाली. सहा शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास वर्गाबाहेर देण्यात आला, उरलेल्या सहांत नेहमीचेच चालू राहिले. तीन वर्षांनी पाहिले तर नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी आली होती, बाहेर पडणाऱ्या मुलांत ३०.४ टक्के. कुठले औषध नाही, यंत्र नाही, नुसते चाळीस मिनिटे अंगणात. तैवानने तर २०१० पासून रोज दोन तास मुलांना उघड्यावर ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमच राबवला.

आपल्याकडे ऊन फुकट आहे आणि मुबलक आहे. नाही ते मैदान. मुंबई-पुण्यात चार मजल्यांच्या शाळेला वाहनतळाएवढेच अंगण, खेळाचा तास गणिताने खाल्लेला, आणि त्यातून उरलेली मधली सुट्टी वर्गातच डबा खाण्यात संपते. अशा शाळेत डिजिटल फळा बसला म्हणून उद्घाटनाची फीत कापली जाते, तेव्हा मला विचारावेसे वाटते की त्या खर्चात मुलांना रोज बसमधून जवळच्या बागेत नेता आले नसते का. डिजिटल फळ्यावर माझा राग नाही. वर्गाच्या टोकाला असलेला मोठा पडदा डोळ्याला हातातल्या मोबाइलपेक्षा पुष्कळच बरा. पण पैसा एकदाच खर्च होतो आणि मुलाचा दिवसही एकच असतो.

झोपेचे गणित सोपे आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलाला आठ ते दहा. लहान मुलाची बाहुली मोठी आणि भिंग नितळ, त्यामुळे रात्रीचा उजेड मोठ्यांपेक्षा त्याच्या डोळ्यांत जास्त शिरतो आणि झोप आणणारे मेलाटोनिन जास्त दबते. पण नुसत्या निळ्या प्रकाशाला दोष देऊन भागणार नाही. अंथरुणावर पडल्यावर ‘आजची साखळी तुटेल, पाच प्रश्न सोडव’ असा निरोप पाठवणारे ॲप झोप मोडते ते काळजी लावून. हजेरीची साखळी, गुणांची पाटी, कोण कितव्या नंबरवर याचा रोजचा फलक ही सगळी सोय मुलाला पुन्हा ओढून आणण्यासाठी केलेली असते. नववीतली मुलगी रात्री अकराला उशीखालचा मोबाइल काढून आपला नंबर घसरला का ते पाहते, त्याला अभ्यासाची आवड म्हणता येणार नाही.

शिकण्याच्या बाजूने पाहिले तरी हिशेब सरळ नाही. माहितीपर मजकूर कागदावर वाचलेला पडद्यापेक्षा अधिक चांगला समजतो, असे २०१८ मध्ये चोपन्न अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसले. दुसरीकडे, २०२२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत शाळेत शिकण्यासाठी दिवसाला तासाभरापर्यंत साधने वापरणारी मुले गणितात मुळीच न वापरणाऱ्यांच्या पुढे होती. शेजारच्याच्या साधनामुळे लक्ष विचलित होते असे सांगणारी मुले मात्र मागे होती. स्वीडनसारख्या देशाने २०२३ मध्ये पुन्हा छापील पुस्तकांसाठी पैसे काढले. आपल्याकडे ‘प्रथम’ या संस्थेच्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केले असे ५७ टक्के मुलांनी सांगितले, आणि समाजमाध्यमे पाहिली असे ७६ टक्क्यांनी. अभ्यासासाठी घेतलेला फोन अभ्यासापुरता राहत नाही, हे प्रत्येक घराला माहीत आहे. शाळांच्या नियोजनात मात्र ते गृहीत धरलेले नसते.

आता एआय. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आले आणि वर्षभरात ते आपल्या नववी-दहावीच्या मुलांपर्यंत पोचले. तोवरची शैक्षणिक ॲपे मुलाचा वेळ घेत होती. हे नवे साधन त्याचे कष्टही घेते, आणि मला चिंता वाटते ती इथे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध घ्या. आपल्यापैकी सगळ्यांनी तो लिहिलेला आहे. तयार निबंध तेव्हाही गाईडात मिळत होते, मुले ते पाठही करत होती. पण गाईडातला निबंध सगळ्यांचा सारखा असे, बाईंना तो पहिल्या ओळीत ओळखू येई आणि त्या वही परत देत. आता मुलगी सांगते, ‘सातवीच्या मुलीने लिहिल्यासारखा लिही, दोन चुका राहू दे’, आणि तसा निबंध येतो. तिच्या घरच्या गळणाऱ्या कौलांखाली ठेवलेली पातेली, ओल्या दप्तराचा वास, पूल पाण्याखाली गेल्याने बुडालेली परीक्षा यांतले काहीच त्यात नसते. ते शब्दांत पकडताना जी दमछाक झाली असती आणि त्यानंतर जे समाधान मिळाले असते, ते दोन्ही हुकले. ‘मला जमते’ ही भावना मुलाच्या मानसिक आरोग्याचा कणा असते. ती कुणाच्या शाबासकीने तयार होत नाही. न जमणारी गोष्ट पुन्हा पुन्हा करून जमली की ती येते.

तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत २०२३ मध्ये झालेला प्रयोग म्हणूनच मला फार बोलका वाटतो. जवळजवळ हजार विद्यार्थी, विषय गणित. एका गटाला सरावासाठी नेहमीसारखे उत्तर देणारा चॅटबॉट दिला. दुसऱ्याला असा, की जो उत्तर न देता शिक्षकांनी ठरवलेल्या सूचना देई. तिसऱ्याला नुसते पुस्तक आणि वही. सरावात पहिल्या गटाची कामगिरी पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी चांगली झाली, दुसऱ्याची १२७ टक्क्यांनी. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिला गट पुस्तकवाल्यांच्याही १७ टक्के मागे पडला. दुसऱ्या गटाचे तसे नुकसान झाले नाही, पण सरावातली ती झेपही परीक्षेत उरली नाही. आणि ज्यांचे नुकसान झाले, त्या मुलांना आपण कमी शिकलो हे कळलेच नव्हते. शिक्षकाचा हात लागलेले यंत्र आणि न लागलेले यंत्र यांत एवढा फरक पडतो. आपल्या मुलांच्या हाती आहे ते बहुतांशी हात न लागलेले.

यापुढची गोष्ट अभ्यासाची राहत नाही. गणित विचारता विचारता मूल ‘आज माझ्याशी वर्गात कुणी बोलले नाही’ असेही लिहून जाते, आणि समोरून तत्काळ, गोड, न थकणारे उत्तर येते. एकट्या मुलाला ते हवेसे वाटणार, यात त्याचा दोष काय? पण हे ऐकणारे कधी रुसत नाही, कधी ‘तुझेच चुकले’ म्हणून भांडत नाही, मुलाचा चेहरा उतरलेला त्याला दिसत नाही आणि ते शेजारच्या काकूंना हाक मारू शकत नाही. अमेरिकेत अशा गप्पांनंतर मुलांनी जीव दिल्याचे सांगत पालकांनी कंपन्यांवर खटले भरले आहेत. त्यानंतर ‘कॅरेक्टर एआय’ या चॅटबॉट कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये अठरा वर्षांखालच्यांसाठी मोकळ्या गप्पा बंद केल्या, आणि चॅटजीपीटीत पालकांसाठी नियंत्रणे आली. म्हणजे साधन आधी बाजारात आले, मुले आधी त्यात शिरली आणि कुंपण नंतर घातले गेले. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्येच वर्गात अशा एआयच्या वापरासाठी किमान तेरा वर्षे वय सुचवले होते.

मुलांच्या माहितीचा प्रश्न या पुस्तकात एका स्वतंत्र प्रकरणात आला आहे, म्हणून इथे त्रोटक लिहितो. ह्यूमन राइट्स वॉचने २०२२ मध्ये ४९ देशांच्या सरकारांनी सुचवलेली १६४ शैक्षणिक साधने तपासली. त्यांतल्या ८९ टक्के साधनांची माहिती गोळा करण्याची पद्धत मुलांच्या हक्कांना बाधक किंवा धोकादायक आढळली. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढण्यावर आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यावर बंदी घातली आहे. शाळांना त्यातून काही सवलती आहेत. त्या सवलतींचा वापर कसा होतो, यावर पालकांची नजर हवी.

तंत्रज्ञान मुलाच्या बाजूनेही उभे राहू शकते, याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे आहे. माढा तालुक्यातल्या त्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले, कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी धडे त्यांच्या भाषेत आणले, आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तिथे पुस्तक कागदाचेच राहिले आणि शिक्षक मुलांसमोरच उभा राहिला. न दिसणाऱ्या मुलाला पान वाचून दाखवणारा आवाज, ऐकू न येणाऱ्या मुलीला बोलणे लिहून दाखवणारा पडदा, अक्षरे उलटसुलट दिसणाऱ्या मुलाला मिळालेली उसंत यांचे मोल मी कमी लेखणार नाही. अशा मुलांच्या हातून साधन काढून घेण्याची भाषा करणे क्रूर होईल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणात बालवाडी नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलाची आंघोळ, स्वच्छता, खाऊ हे तिथे शाळेच्या दिवसातच धरलेले होते. मुलाच्या दिवसाप्रमाणे शाळेने वाकायचे, ही ती दृष्टी. नव्या साधनांना मी तीच लावतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये जे केले ते पुष्कळांना ठाऊक असेल. टाळेबंदीनंतर मुले मोबाइलला चिकटलेली राहिली, अशी तक्रार शिक्षकांकडून आली. गावाने ठरवले आणि रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद, मुले वही-पुस्तकाशी. सुरुवातीला आशा कार्यकर्त्या, ग्रामसेवक, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन सांगत होते. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की मोबाइल मोठ्यांनीही ठेवायचा होता. एका आईने आपल्या घरात बंदी घातली असती तर शेजारच्या घरातल्या मालिकेच्या आवाजाने ती तिसऱ्या दिवशी मोडली असती. गावाने मिळून घेतलेला निर्णय एकट्या बाईच्या डोक्यावरून ते ओझे उतरवतो.

या पुस्तकात नेत्रतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, शिक्षक, समुपदेशक आणि पालक यांचे लेखन एकत्र आले आहे. सगळ्यांचे मत एक नाही आणि तसे ते करवूनही घेतलेले नाही. कुणी सहावीपर्यंत साधन नकोच म्हणते, कुणी दुर्गम शाळेत तेच एक दार असल्याचे दाखवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि संगणकीय विचारपद्धती शिकवण्याचे जाहीर केले. हा विषय पडद्याशिवायही शिकवता येतो. कोडी, क्रम लावणे, खेळ, वर्गातला वाद यांतून. तो तसा शिकवला जाईल की आठ वर्षांच्या मुलांसाठी आणखी एक ॲप खरेदी होईल, हे पुष्कळसे शाळेच्या पातळीवर ठरणार आहे.

म्हणून हे पुस्तक वाचून झाल्यावर पालकांनी ते शाळेत न्यावे, अशी माझी विनंती आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आहे. रात्री सातनंतर ग्रुपवर अभ्यास टाकणे बंद करता येईल का? वर्गातच वहीत उतरवून देता येईल का? मुले रोज किती मिनिटे उघड्या आभाळाखाली असतात? जे ॲप घ्यायला सांगितले आहे ते मुलाची कोणती माहिती घेते, रात्री निरोप पाठवते का, ते शाळेत आधी कुणी वापरून पाहिले? एआयची मदत कोणत्या इयत्तेपासून, कोणत्या कामाला आणि कोणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली? हे प्रश्न तोंडी विचारून सोडू नयेत. ते इतिवृत्तात लिहून घ्यावेत आणि पुढच्या सभेत त्यांची उत्तरे मागावीत.